सगळे एकदम का थांबतात? देशगीताच्या वृत्त, यमक आणि पुनरुक्तीविषयी

१ मे रोजी ध्वजवंदनासाठी एखाद्या वसाहतीच्या आवारात शंभरेक माणसे जमतात. त्यांत आजोबा असतात, नातवंडे असतात, नुकतीच राहायला आलेली बिऱ्हाडे असतात. कुणाचीच तालीम झालेली नसते, समोर हात हलवणारा कुणी नसतो. तरी महाराष्ट्रगीत सुरू झाले की ओळ संपते तिथे सगळे एकदम थांबतात आणि पुढची ओळ सगळे एकदम उचलतात. याच माणसांना वर्तमानपत्रातला एक परिच्छेद एका सुरात वाचायला सांगितला, तर दुसऱ्या वाक्यालाच पांगापांग होईल. दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. शाळा सोडून चाळीस वर्षे झालेल्या माणसाला भूगोलाच्या पुस्तकातले एक वाक्य आठवत नाही, पण लहानपणी म्हटलेल्या देशगीताची पहिली ओळ कानावर पडली की दुसरी आपोआप ओठांवर येते.

याचे श्रेय आपण सहसा देशप्रेमाला देतो. भावना उत्कट असते म्हणून गाणे लक्षात राहते, असे म्हणतो. पण भावना उत्कट असलेली कितीतरी भाषणे विसरली गेली. भावना माणसाला गायला प्रवृत्त करील, नेमके कुठे थांबायचे ते ती सांगू शकत नाही. ते काम कवितेच्या बांधणीचे आहे. वृत्त, यमक आणि पुनरुक्ती ही तीन साधने देशगीतात शोभेसाठी येत नाहीत, असे मला इथे मांडायचे आहे. अनेकांनी एका वेळी एकच बोलणे आणि कागदाशिवाय ते जपणे, ही दोन व्यावहारिक कामे ती करतात. चांगला कवी ही कामे पार पाडता पाडता त्यांच्याच आधाराने अर्थाला वळण देतो.

अक्षराचे वजन

बोलताना प्रत्येक अक्षराला सारखा वेळ लागत नाही. ‘नदी’ म्हणताना ‘न’ पटकन सुटतो आणि ‘दी’ थोडा लांबतो. पटकन सुटणारे अक्षर लघु, त्याची एक मात्रा. लांबणारे अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचे माप, एवढे कळले की मराठी वृत्तांचे बरेचसे गूढ उकलते. या वेळाचे सारखे गट पाडले की आवर्तन तयार होते. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर नकळत ठोका पडतो, आणि त्या ठोक्यावर टाळी वाजते किंवा पाऊल पडते. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्याचे असे गट लावून दाखवले आणि त्यांना लक्षात राहतील अशी नावे दिली. भुंग्याला सहा पाय, म्हणून सहा मात्रांचे ते भृंगावर्तन. कमळाला आठ पाकळ्या, म्हणून आठ मात्रांचे ते पद्मावर्तन. पाच आणि सात मात्रांची आवर्तनेही आहेत, पण देशगीतांपुरते पाहायचे तर सहा आणि आठ यांवरच बरेच काही कळते.

आवर्तनाचा उपयोग काय, हे विटा हातोहात देणाऱ्या रांगेकडे पाहिले की समजते. रांगेतल्या प्रत्येकाला पुढची वीट कधी येणार हे ठाऊक असते, म्हणून तो हात आधीच पुढे करतो. वीट आल्यावर हात पुढे केला तर उशीर झालेला असतो. समूहाने बोलतानाही नेमके हेच घडते. शेजाऱ्याचा शब्द ऐकून मग आपण तो म्हणायला गेलो तर मागे पडतो. सगळे एकत्र यायचे असतील तर प्रत्येकाला पुढचा ठोका आधीच कळायला हवा. वृत्त तो आधी कळवते. गद्यात वाक्य कुठे संपणार हे संपल्यावरच कळते. वृत्तात ते पहिल्या ओळीतच ठरून जाते.

| चौकट: मात्रा मोजण्याची रीत |
|---|
| अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघु: एक मात्रा. दीर्घ स्वर, ए, ऐ, ओ, औ किंवा स्पष्ट उच्चारला जाणारा अनुस्वार असलेले अक्षर गुरू: दोन मात्रा. |
| जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर पडला तर तेही गुरू होते. ‘कृष्णा’ मधला ‘कृ’ दोन मात्रांचा आहे. ‘उन्हात’ मधल्या ‘न्हा’ चा आघात मात्र मागे पडत नाही, म्हणून तिथला ‘उ’ लघुच राहतो. |
| डोंगर = २+१+१ = ४. नदी = १+२ = ३. गोदावरी = २+२+१+२ = ७. महाराष्ट्र = १+२+२+१ = ६. |
| सरावासाठी रचलेल्या दोन ओळी: |
| काळी माती, उन्हात तापे, वाट पाहते पाणी |
| नदी आटली, तरी मुखावर तिचीच सारी गाणी |
| दोन्ही ओळींत ८ + ८ + ८ + ४ मात्रा आहेत. आता ‘काळी माती’ ऐवजी ‘काळीभोर माती’ म्हणून पाहा. तीन मात्रा वाढतात आणि जीभ अडखळते. |

आठ मात्रांची चाल, सहा मात्रांचा झोका

राम गणेश गडकरी यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिलेले महाराष्ट्रगीत मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. त्याच्या आरंभीच्या ओळी मोजल्या तर प्रत्येक ओळीत २६ मात्रा भरतात, आणि त्या आठ, आठ व दहा अशा तीन तुकड्यांत पडतात. तुकड्याच्या शेवटी देशाला घातलेली साद येते, ‘देशा’. एका ओळीत ती तीनदा येते. पहिल्या दोन वेळा हा शब्द आठ मात्रांच्या आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रा व्यापतो. तिसऱ्या वेळी मात्र आधी सहा मात्रांचा शब्द आल्यामुळे तो दोन मात्रा पुढे सरकतो. ‘दे’ आवर्तनाच्या शेवटी राहतो आणि ‘शा’ थेट पुढच्या ठोक्यावर येऊन पडतो. शब्द तोच, पण दोनदा तो ठोक्याच्या मागे राहिला आणि तिसऱ्यांदा ठोक्यावर बसला. ओळ पक्की बंद झाल्यासारखी वाटते ती यामुळे.

त्यानंतर काय होते ते अधिक महत्त्वाचे आहे. आठाची चार आवर्तने म्हणजे ३२ मात्रा. ओळ २६ मात्रांतच संपली, म्हणून सहा मात्रा रिकाम्या उरल्या. या रिकाम्या मात्रा कुणी म्हणत नाही, पण सगळे त्या मोजतात. समूह तेवढ्या वेळात श्वास घेतो आणि पुढच्या ठोक्यावर एकत्र येतो. आरंभी जे कोडे घातले त्याचे अर्धे उत्तर या गप्प राहिलेल्या मात्रांत आहे. कवीने शब्द जसे मोजून ठेवले तशी शांतताही मोजून ठेवली. ओळ पूर्ण ३२ मात्रांची असती तर कुणाला तरी मध्येच श्वास घ्यावा लागला असता, आणि प्रत्येकाने तो वेगवेगळ्या जागी घेतला असता.

गडकरी ज्यांना गुरू मानत त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीही महाराष्ट्राची थोरवी गायली आहे. विषय एकच, प्रांत एकच, काळही फार लांबचा नाही. पण त्यांच्या गीताच्या ध्रुवपदाच्या ओळी मोजल्या तर २० मात्रा येतात, सहा, सहा, सहा आणि दोन. सहाचा गट स्वभावतः तीन-तीन असा दुभंगतो. चार-चारच्या गटावर पावले सरळ पडतात, तीन-तीनच्या गटावर अंग डोलते. म्हणून गडकऱ्यांचे गीत चालत जाणाऱ्या जमावाला जवळचे वाटते आणि कोल्हटकरांचे गीत बसून गाणाऱ्या सभेला. हे माझे ऐकणे आहे. दुसऱ्याला वेगळे वाटू शकेल. मात्र सहा मात्रांच्या ‘महाराष्ट्र’ या नावाचे दोन कवींनी काय केले ते मोजूनच दिसते. गडकऱ्यांनी ते आवर्तनाच्या सुरुवातीला अखंड ठेवले. कोल्हटकरांच्या ओळीत ते ‘महा’ आणि ‘राष्ट्र’ असे दोन आवर्तनांत विभागले जाते आणि ठोका ‘रा’ वर पडतो. नाव उच्चारताना छाती किंचित पुढे येते ती त्या ठोक्याने.

गोव्याकडे वळले की मोजण्याची पद्धतच बदलते. बा. भ. बोरकरांच्या ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’ या कवितेत मात्रा मोजत बसण्याचे कारण नाही, अक्षरे मोजावीत. ओळीच्या प्रत्येक अर्ध्यात आठ अक्षरे आहेत. लघु-गुरूचा भेद इथे गळून पडतो, म्हणताना प्रत्येक अक्षर जवळपास सारखेच लांबते. अशा रचनेला अक्षरछंद म्हणतात, आणि अभंग, ओवी यांचे घराणे तेच. जात्यावर दळणाऱ्या बायकांनी, वारीत चालणाऱ्या माणसांनी शेकडो वर्षे हेच माप वापरले. गडकऱ्यांचा आवाज सभेला उद्देशून उठतो, बोरकरांचा आवाज गड्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलतो. नारळ, आंबे, फणस, दुधासारखे झरे यांची वर्णने घरच्या मापात येतात म्हणून ती घरची वाटतात. भूमीविषयी अभिमान सांगायचा की आपुलकी, याचा निर्णय मोठ्या अंशी कवीने माप निवडले तेव्हाच झालेला असतो.

यमक म्हणजे राखीव जागा

वृत्ताने ठोका कळतो, शब्द कळत नाही. ते काम यमकाचे. चौकटीतल्या दोन ओळींत ‘गाणी’ च्या जागी ‘गोष्टी’ घालून पाहा. मात्रा चारच राहतात, वृत्ताला धक्का लागत नाही, पण कान फसवला गेल्यासारखा होतो. ‘पाणी’ ऐकल्यापासून कानाने ओळीच्या शेवटी एक जागा राखून ठेवलेली असते. त्या जागी कुठलाही शब्द चालत नाही, ‘णी’ ने संपणारा, आधी दीर्घ ‘आ’ असणाराच चालतो. असे शब्द भाषेत मोजके असतात. म्हणजे आठवणीला साऱ्या शब्दसागरात शोध घ्यावा लागत नाही, चार-पाच शब्दांतून एक उचलायचा असतो. त्यात अर्थाचा आधार मिळाला की शब्द हाती येतो. चाळीस वर्षांनी दुसरी ओळ ओठांवर येते, तिची वाट ही अशी आहे.

याची कठोर परीक्षा अंदमानात झाली. सेल्युलर तुरुंगात कागद-लेखणी मिळत नसताना विनायक दामोदर सावरकरांनी आपल्या दीर्घ रचना तोंडपाठ ठेवल्या, आणि त्या पुढे छापल्या गेल्या. एखादा शब्द निसटला तर मात्रा कमी पडते, एखादी ओळ निसटली तर यमक एकटे उरते. पद्य स्वतःच आपली चूक दाखवून देते. गद्याला ही सोय नाही, त्यातले वाक्य गळले तरी दोन्ही बाजू मिटून जातात आणि पत्ताही लागत नाही. देशगीते ज्या काळात पसरली त्या काळातल्या पुष्कळ श्रोत्यांना वाचता येत नव्हते आणि काही गीते छापणे धोक्याचे होते, हे लक्षात घेतले तर या सोयीचे मोल कळते.

मराठीत यमक जुळवणे सोपे आहे, आणि तोच त्यातला धोका आहे. आपल्या विभक्ती आणि क्रियापदे ठरावीक प्रत्ययांनी संपतात. ‘देशाला, वेशाला’ किंवा ‘आला, गेला’ असे कितीही जोडता येते. प्रत्ययाला प्रत्यय जुळवून भरलेली देशगीते उदंड आहेत, आणि ती ऐकताना मन कुठेच थबकत नाही. पुढचा शब्द आधीच कळतो, पण कळून काही मिळत नाही. ‘पाणी’ आणि ‘गाणी’ जुळतात तेव्हा दोन वस्तू शेजारी येऊन बसतात, आणि आटलेल्या नदीचे पाणी लोकांच्या गाण्यात गेले असा विचार यमकाच्या जोडीतूनच सुचतो. नाद जुळला आणि अर्थ एक पाऊल पुढे गेला, तर यमक खरे.

प्रत्ययाचे स्वस्त यमकही मोठ्या कवीच्या हातात किती लांब जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे सावरकरांची १९०९ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेली, सागराला उद्देशून लिहिलेली कविता. तिच्या ध्रुवपदाचा शेवट ‘ला’ ने होतो. मराठीतला हा सर्वांत सहज मिळणारा शेवट, कारण द्वितीया-चतुर्थीचा प्रत्यय तोच आणि भूतकाळी क्रियापदाचा शेवटही तोच. कवीने प्रत्येक कडव्याच्या अखेरची ओळ या ‘ला’ वर आणून सोडली आहे. मातृभूमीकडे नेण्याची विनवणी आणि घडून गेलेली फसवणूक, दोन्ही एकाच नादात बसतात. शेवटच्या कडव्यात अगस्ती ऋषींनी समुद्र पिऊन टाकल्याची आठवण येते आणि ‘पिणे’ या क्रियापदाचा भूतकाळ त्याच ‘ला’ वर येऊन आदळतो. आळवणीसाठी राखलेल्या जागी धमकी येऊन बसते. कानाला हवा होता तोच नाद मिळाला, मनाला मात्र अनपेक्षित अर्थ मिळाला.

नद्यांची नावे आणि नकाशा

देशगीतांत याद्या फार. राष्ट्रगीतात प्रांतांची, पर्वतांची, नद्यांची नावे एकामागून एक येतात. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतातही नद्यांची माळ आहे. नुसती यादी वाचायला कंटाळवाणी असते, वृत्तात ओवली की ती मंत्रासारखी होते, कारण प्रत्येक नाव एका ठोक्याशी बांधले जाते. मात्र वृत्ताला नकाशाचा क्रम ठाऊक नसतो, त्याला वजन कळते. बढे यांच्या गीतात नर्मदेचे नाव ‘रेवा’ असे येते आणि तिच्या शेजारी ‘वरदा’ आहे. दोन्ही नावे चार-चार मात्रांची, मिळून आठाचे एक आवर्तन पुरे. ‘नर्मदा’ हे नाव पाच मात्रांचे, ते घातले असते तर नऊ मात्रा झाल्या असत्या आणि ओळ पहिल्याच पावलाला लंगडली असती. जुने, पोथीतले नाव असे वृत्ताच्या गरजेतून लाखो मुलांच्या तोंडी टिकून राहिले. त्या मुलांपैकी कितींना रेवा म्हणजे नर्मदा हे ठाऊक असते, हा प्रश्न मात्र शिक्षकांनी मनावर घ्यावा असा आहे.

तोच शब्द, वेगळी जागा

पुनरुक्तीला गद्यात दोष मानतात. देशगीतात तिच्यावाचून चालत नाही, आणि ती तीन ठिकाणी तीन कामे करते. गडकऱ्यांच्या गीतात ती ओळीच्या आत आहे. आरंभीच्या ओळींत साद तीनदा येते, पुढे अनेक ओळींत ती फक्त शेवटी उरते आणि आधीच्या जागेत वर्णने भरतात. ऐकणाऱ्याला आधी माप शिकवायचे आणि ते अंगवळणी पडल्यावर त्यात मजकूर ओतायचा, अशी ही रीत आहे. शिवाय चौकट हलत नाही म्हणून तिच्यातला बदल ठळक दिसतो. दगडधोंड्यांचा कठोर प्रदेश आणि फुलांचा कोवळा प्रदेश अगदी एकाच साच्याच्या लागोपाठच्या ओळींत येतात. साचा वेगवेगळा असता तर ती दोन वर्णने झाली असती. साचा एकच असल्यामुळे एकाच भूमीचे दोन स्वभाव दिसतात.

बोरकरांची पुनरुक्ती कडव्याच्या तोंडाशी आहे. कवितेचे जे नाव तीच आठ अक्षरे प्रत्येक कडव्याच्या आरंभी येतात. प्रत्येक वेळी माणूस पुन्हा त्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहतो आणि आत वेगळे काहीतरी पाहतो. परगावी गेलेल्या गोवेकराला ही कविता जवळची का वाटते, त्याचे एक कारण या वारंवार परतण्यात असावे.

तिसरी जागा कडव्याच्या शेवटची, ध्रुवपदाची. ध्रुवपदाचे पहिले काम अगदी व्यवहाराचे आहे. चार कडवी पाठ नसणाऱ्यालाही ते सामील करून घेते. एकच ओळ आली तरी माणूस गाण्यात असतो. पोवाड्यात शाहीर कथा सांगतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ ची साथ उचलून धरतात. सभेत झीलकऱ्यांचे काम सारे श्रोते करतात. राज्यगीत घराघरांत पोचवणारा आवाज शाहीर साबळे यांचा होता, आणि गाण्यातला कुठला भाग लोकांच्या स्वाधीन करायचा हे शाहिराला नेमके ठाऊक असते.

ध्रुवपदाचे दुसरे काम काव्याचे, आणि ते फार थोड्यांना साधते. सावरकरांच्या कवितेत लांब ओळ २० मात्रांची आणि तिच्या पाठची आखूड ओळ १४ मात्रांची अशा जोड्या आहेत. २० मात्रांत विचार उघडतो आणि १४ मात्रांत तुटल्यासारखा संपतो. ध्रुवपद या आखूड मापाचे आहे. पहिल्या कडव्यानंतर ते ऐकू येते तेव्हा सागराने परत आणण्याचे वचन दिलेले असते, म्हणून ती साधी ओढ असते. दुसऱ्यात आपण पिंजऱ्यातल्या पोपटासारखे अडकलो हे कळलेले असते, आता ध्रुवपद ही तक्रार होते. तिसऱ्यात परदेशातल्या वैभवापुढे आईची झोपडी प्रिय ठरते, म्हणून तीच ओळ निवड सांगते. चौथ्यात, अगस्तीचे नाव निघाल्यावर, तिच्यात संताप भरतो. अक्षर एकही बदललेले नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीतही हेच बळ आहे. मुंबईला पोटासाठी आलेल्या कामगाराला गावी राहिलेली कारभारीण आठवते, आणि गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शिरल्यावर तोच विरह बेळगाव, कारवारसारख्या बाहेर राहिलेल्या मुलखाचा होतो. गाणाऱ्याला नवी ओळ शिकावी लागत नाही, जुन्या ओळीतच मुलूख मावतो.

घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप असा की हा सारा प्रभाव चालीचा आहे, वृत्ताला उगीच श्रेय दिले जाते. सागरावरची कविता आज आपल्या कानांत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीसह येते आणि राज्यगीत श्रीनिवास खळ्यांच्या. चालीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. पण चाल कुठे थांबेल, कुठे लांबेल, हे ठरवायला संगीतकाराला मात्रांचीच जमीन लागते. शिवाय गडकऱ्यांचे गीत चालीशिवाय नुसते म्हटले तरी सगळे त्याच सहा मात्रा थांबतात. चाल काढून घेतली तरी जे शिल्लक राहते ते वृत्ताचे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. ठोका, यमक आणि पुनरुक्ती घोषणेतही असतात, द्वेषाच्या गाण्यातही असतात. माणसांना एका तालावर आणणारी वस्तू त्यांची विचारशक्ती झोपवत नाही का? हा धोका खरा आहे. वृत्ताला सत्य-असत्य कळत नाही. ते जे दिले ते वाहून नेते. म्हणूनच देशगीत पारखताना ते किती जोशात म्हणता येते हे पाहून भागत नाही, पुनरुक्तीच्या शेजारी काय हलते ते पाहावे लागते. एक साधी कसोटी वापरता येईल. कडव्यांचा क्रम उलटसुलट करून पाहावा. सावरकरांच्या कवितेत तसे केले तर ती कोसळते, कारण तिथे मन एका अवस्थेतून दुसरीत जाते. घोषणेत काहीच बिघडत नाही, कारण तिथे काहीच पुढे सरकलेले नसते. ही कसोटी सगळीकडे सारखी लावता येत नाही हेही मान्य करायला हवे. गडकरी-बोरकरांच्या वर्णनगीतांतली काही कडवी अदलाबदल सोसतील. तिथे पाहायचे ते दुसरे: प्रत्येक कडव्यात भूमीविषयी नवे काही दिसले, की फक्त स्तुतीचे विशेषण बदलले? बोरकरांच्या कवितेत गोव्यातल्या वस्तू हाताला लागतात. नुसत्या ‘थोर, महान, पावन’ यांवर चाललेल्या गीतात हाताला काहीच लागत नाही, आणि ठोका जितका जोरकस तितका तो रितेपणा झाकला जातो.

तिसरा आक्षेप मुक्तछंदाच्या बाजूने येतो. कवी अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला त्याला आता कितीतरी दशके झाली. भूमीवरची उत्तम कविता मुक्तछंदातही झाली आहे, मग मात्रा मोजण्याचा आग्रह कशाला? आग्रह कवितेसाठी नाहीच. एकट्याने, मनात वाचायच्या कवितेला श्वासाची जागा वाचक स्वतः ठरवतो, आणि कवीची ओढ तुटक, अनपेक्षित लयीत अधिक खरी उतरते. प्रश्न शंभर माणसांनी एकदम म्हणण्याचा असतो तेव्हा मात्र काही ना काही माप लागते, आणि ते रचनेत नसेल तर माणसे ते स्वतः घालतात. याचा पुरावा शाळेच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेल्या प्रतिज्ञेत मिळतो. प्रतिज्ञा सरळ गद्य आहे. तिच्यात यमक नाही, मात्रांचा हिशेब नाही. पण वर्गातली मुले ती रोज म्हणू लागली की दोन-तीन शब्दांचे गट पडतात, प्रत्येक गटाचे शेवटचे अक्षर लांबते, लांब वाक्य घाईने आवळले जाते आणि छोटे वाक्य ओढून ताणले जाते, आणि काही आठवड्यांत त्या गद्याला एक ठाम चाल येते.